कोड बावन्न आणि प्रशांतची चावी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कॉमेंटमध्ये कुणी शिकवायला नको — मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. अकोल्याकडचा, बौद्ध घरातला. आमच्याकडे नवस नाही, अंगारा नाही, उतारा नाही. लहानपणी गल्लीत कुणाच्या अंगात आलं की वडील आम्हा दोघा भावांना मुद्दाम बघायला न्यायचे आणि घरी आल्यावर विचारायचे, "आता सांगा, यात खरं काय होतं?" त्यात माझी नोकरी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची. काटा हलला तर कशामुळे हलला, हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि बरेचदा हसतो. आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

मी बहारीनमध्ये तुबलीला राहतो, गॅरेजांच्या मागच्या गल्लीत. तीन मजली बिल्डिंग, खाली पत्र्याच्या शेडमध्ये पार्किंग. पहाटे कंपनीची बस येते, सित्राच्या प्लँटवर नेते, संध्याकाळी आणून सोडते. बायको-मुलं गावी. माझ्याबरोबर माझा धाकटा भाऊ प्रशांत राहायचा. पश्या. सात वर्षांनी लहान. त्याला इथे मीच आणलं... हे वाक्य लिहायलाही मला दोन दिवस लागलेत.

पश्या सित्रालाच एका छोट्या मरीन कॉन्ट्रॅक्टरकडे होता. बोटीने समुद्रात जायचं, तिथल्या खांबांवरचे दिवे दुरुस्त करायचे, परत यायचं. त्याला बसची कटकट नको होती, म्हणून सेकंडहँड मोटरसायकल घेतली. गाडी माझ्या नावावर, चालवायचा तो. शुक्रवारी सुट्टी. जेवण झालं की दुपारी अडीचला, सगळं तुबली झोपलेलं असताना, हा गाडी काढून खाडीच्या कडेने चक्कर मारायचा आणि येताना करक, म्हणजे इकडचा दाट दुधाचा चहा, आणायचा. मी ओरडायचो, "लेका, उन्हात मेंदू वितळंल!" तो म्हणायचा, "असला त वितळंन ना."

आता गाडीबद्दल थोडं, कारण सगळं तिथेच अडलंय. तिला इमोबिलायझर आहे. चावीच्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, तिचा नंबर गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेला असतो. चावी कुलपात फिरली तरी नंबर जुळला नाही तर इंजिन चालू होत नाही. आम्हाला गाडीबरोबर दोनच चाव्या मिळाल्या होत्या — एक काळी, रोजची, आणि एक लाल, मास्टर. नवीन चावी नोंदवायची तर लाल हवीच. ती हरवली तर कंट्रोल युनिटच बदलावं लागतं. म्हणून लाल चावी मी पासपोर्टच्या डब्यात ठेवली होती. काळी कायम पश्याकडे. कामावरही कव्हरऑलच्या चेनच्या खिशात.

मागच्या वर्षी त्यांची बोट उलटली. वारं सुटलं होतं. तिघे होते, दोघे पोहत आले. पश्या आला नाही. बारा दिवस शोध चालला. काही सापडलं नाही. कागदावर अजूनही 'बेपत्ता' आहे. मायनं गावी पुण्यानुमोदन करू दिलं नाही. "अंग दाखवा, मंग करू," एवढंच म्हणाली. नातेवाईक समजवायला आले त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

महिन्याभराने जेटीवरच्या वॉचमनचा फोन आला की गाडी हलवा. मी लाल चावी घेऊन गेलो. आरशाला त्याचं हेल्मेट तसंच अडकवलेलं. ते डोक्यात घातलं तर आत त्याच्या तेलाचा वास. गाडी कशी घरापर्यंत आणली ते माझं मला माहीत. मायला फोनवर सांगितलं, तर तिचं पहिलं वाक्य — "इकू नोको बाबू. पोरगं आलं त काय सांगशीन त्याले?"

मी विकणार नव्हतोच. पण आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायला लाल चावी बाहेर काढायची म्हणजे जिवाला घोर. म्हणून शहाणपणा केला. दोन नव्या काळ्या चाव्या करून घ्यायचं ठरवलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बशीरभाईंचं गॅरेज आहे. केरळचा माणूस, वीस-बावीस वर्षं इथे. कमी बोलतो, काम चोख. चिपवाल्या कोऱ्या चाव्या मागवल्या, कापल्या, लाल चावी लावून नोंदणी सुरू करणार तेवढ्यात थांबला.

"भाई, नई चाबी डालेगा तो पुरानी निकल जाएगी. जो सामने है वही रहेगी. पुरानी किधर है?"

"पानी में."

त्यांना पश्याचं माहीत होतं. हातातला फडका खाली ठेवला. "इसलिए पूछता हूँ. निकालूँ?"

"निकालो."

आमच्या प्लँटमध्ये मशीन बंद करून आत काम करणारा माणूस स्वतःचं कुलूप लावून जातो. त्यावर त्याचा फोटो, त्याचं नाव. ते कुलूप फक्त त्यानेच काढायचं. तो न काढता घरी गेला तर सुपरवायझर कापू शकतो, पण आधी त्याला फोन लावायचा, गेटचं रजिस्टर बघायचं, माणूस आत नाही याची स्वतः खात्री करायची. मी सुपरवायझर आहे. कुलूप कापायच्या फॉर्मवर मी कितीदा तरी सही केलीय, आणि दर वेळी तीनतीनदा खात्री करून. इथे माझ्या भावाचं नाव खोडायला मला अर्धा सेकंद लागला. कसली खात्री केली होती मी?

पाचेक मिनिटांत काम झालं. खलास.

त्यानंतर तिसऱ्या शुक्रवारी जेवून, भांडी घासून, गाडीचं इंजिन चालवायला खाली उतरलो. भर दुपार, शेडमध्ये चिटपाखरू नाही. गाडीचा हेडलाइट चालू. मीटर चालू. मीटरवर आकडा लुकलुकतोय — बावन्न. इग्निशन 'ऑन'वर फिरवलेलं... आणि कुलपात चावी नाही.

मोटरसायकल चालवणाऱ्यांना कळलं असेल. ऑनवर असताना चावी बाहेर निघतच नाही. बंद करूनच काढावी लागते. माझी एक नवी चावी खिशात होती, दुसरी लाल चावीबरोबर डब्यात. वर धावत जाऊन बघितलं, दोन्ही जागच्या जागी. घड्याळात दोन पस्तीस.

मी घाबरलो नाही. खरं सांगतो, चिडलो. कुणीतरी उपद्व्याप केलाय म्हणून बिल्डिंगच्या वॉचमनला घेऊन गेटचा कॅमेरा बघितला. जेवणाच्या वेळेनंतर एक मांजर सोडून कुणी आत आलेलं नाही. मग बशीरभाईंना बोलावलं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने कसंबसं इग्निशन बंद केलं, अख्खं कुलूप खोलून पाहिलं. झिजलेलं नाही, तुटलेलं नाही. आत थोडं पांढरं मीठ होतं. आता बहारीनमध्ये मीठ कुठे नसतं? खिडकीच्या गजांवर असतं, एसीच्या जाळीवर असतं. मी तसं म्हणालोही.

"और ये बावन?" मी विचारलं.

त्यांनी एका गिऱ्हाइकाची अशाच मॉडेलची चावी आणून आमच्या गाडीच्या कुलपाशी धरली आणि स्क्रू-ड्रायव्हरने इग्निशन फिरवलं. बावन्न. ती लांब नेऊन, नुसतं फिरवून दाखवलं. एक्कावन्न.

"इक्यावन मतलब चिप मिला नहीं. बावन मतलब मिला, पढ़ा... पर पहचाना नहीं."

म्हणजे तिथे चावी होती. गाडीने तिचा नंबर वाचला होता. आणि ओळख दाखवली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी जेवलोच नाही. दोनपासून जिन्यात उभा होतो, पण अडीचला वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅस सिलिंडर चढवायला हाक मारली. दहा मिनिटांत परत आलो तर मीटर चालू. बावन्न.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी प्लास्टिकची खुर्ची घेऊन गाडीसमोर बसलो. कोण काय म्हणेल ते म्हणो. शेडखाली भट्टी पेटलेली, शर्ट पाठीला चिकटलेला. दोन पंचवीस... दोन तीस... काही नाही. स्वतःची लाज वाटायला लागली. वडील असते तर म्हणाले असते, सांग आता, यात खरं काय?

तेवढ्यात मायचा फोन. शेडखाली रेंज नसते, म्हणून चार पावलं गेटकडे गेलो. तिची नेहमीची वाक्यं — जेवला का, डोळ्याचे थेंब संपले, शेजारणीची सून आली. माझी गाडीकडे पाठ होती. आणि मागे आवाज झाला. इग्निशन फिरल्याचा. टक. मग परत मागे — टक. मग पुन्हा पुढे. चावी लागत नाही तेव्हा आपण करतो ना, एकदा बंद करून परत लावून बघतो, तसा.

वळलो. हेडलाइट चालू. बावन्न.

"पश्या!" मी इतक्या जोरात ओरडलो की घसा फाटला. "पश्या, थांब रे! मी देतो चावी... हे घे!"

खिशातली नवी चावी काढून, हात पुढे करून मी त्या रिकाम्या शेडमध्ये उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. चाळीस वर्षांचा बाप्या मी, हमसून हमसून रडत होतो. फोन कानालाच होता.

"बाबू? कोणाले हाक मारली रे?" माय विचारत होती. "बाबू! कोण आलं?"

"कोणी नाई, माय."

मग तिने फोन ठेवला. त्या दिवशी तिने मला पुढे काहीही विचारलं नाही, आणि आजवर विचारलेलं नाही.

मी तसाच बशीरभाईंकडे गेलो. सुट्टीचा दिवस, गॅरेजच्या माळ्यावर झोपले होते बिचारे. उठवलं. "पुरानी चाबी वापस डालो," म्हणालो.

"चाबी के बिना कैसे भाई? चाबी लाओ, अभी करता हूँ."

"चाबी नहीं है! दूसरा कुछ तो रास्ता होगा ना!"

त्यांनी स्टूल ओढून मला बसवलं. मग म्हणाले, एक मार्ग आहे — इमोबिलायझरच काढून टाकायचा. मग चिप-बिप काही नाही, दात जुळणारी कुठलीही चावी चालेल. एरवी चोरीच्या भीतीने ते असलं काम कुणालाच करून देत नाहीत. माझं केलं. युनिट बाहेर पाठवावं लागलं, आठ दिवस गेले, मधला एक शुक्रवार गाडी गॅरेजमध्येच उघडी पडलेली होती. परत आली ती धुतली, चाकांत हवा भरली, टाकी फुल केली, हेल्मेट आरशाला लावलं, गाडीचं तोंड गेटकडे करून ठेवली. आणि गुरुवारी झोपताना, मी, जो कशालाच मानत नाही, मनात म्हणालो — ये बाबा, आता लागंल.

शुक्रवारी मी वरच थांबलो, त्याला मोकळं असावं म्हणून. तीनला खाली गेलो. गाडी होती तिथेच. इग्निशन बंद.

पुढच्या शुक्रवारीही बंद. त्याच्या पुढच्याही. या गोष्टीला आता सात महिने झाले.

इथे गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधली मंडळी असतील तर त्यांनी कुलूप, वायरिंग, ओलावा, काय ते जरूर सुचवावं. मी सगळं तपासलंय, मला काही सापडलेलं नाही. पण खरं सांगू? ती गाडी आपोआप चालू का होत होती, हे मी आता विचारतच नाही. तीन शुक्रवार तो आला, आणि तीनही वेळा त्याच्याच गाडीने त्याला ओळखलं नाही, कारण तसं मी सांगितलं होतं. गाडी गॅरेजमध्ये होती त्या शुक्रवारी तर त्याला ती दिसलीच नसेल. काय समजायचं ते तो समजला असणार. आता कुठलीही चावी लागते, आणि तो येत नाही.