आतला प्रोग्राम

सकाळी पाणी शुद्ध करायचं मशीन लाल दिवा लावून बंद पडलं. बाबांनी बाजारातून नवा फिल्टर आणून बसवला, तरी ते चालू होईना. शेवटी कंपनीला फोन लावला.

"काका, बाहेरचा फिल्टर मशीन ओळखत नाही. आमचाच लागेल," पलीकडची मुलगी म्हणाली.

"अहो, पण मशीन माझं आहे ना?"

"मशीन तुमचंच आहे काका. आतला प्रोग्राम कंपनीचा आहे."

विकत आणलेली वस्तू आपली झाली, असं आम्ही आजवर धरून चाललो होतो. आता ओट्याजवळचं ते मशीन दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत उभं आहे, असं मला वाटू लागलं. आईने पाणी उकळत ठेवलं. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी बाबा नव्या स्मार्ट टीव्हीपाशी गेले, त्याच्याकडे बघत राहिले आणि तो न लावताच परत येऊन बसले.