नानांची राखाडी आवृत्ती

कुणी एखादं पुस्तक वाचल्याचं सांगितलं, की लोक विचारतात, "कसं आहे?" नाना विचारायचे, "कोणती आवृत्ती?" धुळ्याला देवपुरातल्या आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत. माघारी सगळे त्यांना आवृत्तीनाना म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. एकदा कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली, जुन्या तारखेवर नवी तारीख चिकटवलेली. नानांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाले, "सुधारित आवृत्ती दिसते. जाऊ, जाऊ."

पुस्तक ते शेवटाकडून उघडत. आधी सूची, मग टिपा, मग मजकूर आणि वेळ उरलाच तर मुखपृष्ठ. "ज्याला सूची करायचा कंटाळा आला, त्यानं बाकीचंही कंटाळूनच केलेलं असतं," असं त्यांचं मत. ही खोड आम्हालाही अशी लागली की आम्ही परीक्षेच्या गाइडातसुद्धा सूची शोधायचो.

त्यांची सगळी नोकरी एका ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या संवादांवर गेली. गंमत अशी, की त्याचं समग्र लेखन कॉलेजात नव्हतंच. एका जुन्या इंग्रजी भाषांतराचे वाळवीनं सोडलेले दोन खंड तेवढे होते. भाषांतरकार भलताच सोवळा. जो मजकूर त्याला लाजिरवाणा वाटला तो त्यानं गाळून टाकला होता, आणि तसं सांगायची तसदीही घेतली नव्हती. नानांना हे इतरांच्या लेखांतून कळलं होतं. शिकवताना ते त्या जागी थांबत. "इथे काहीतरी गेलंय. काय गेलंय ते मलाही माहीत नाही," असं सांगून पुढे जात.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी ग्रंथालयाला अनुदान आलं. समग्र लेखनाचा एकच संच घेता येणार होता आणि तो नानांनी सुचवायचा होता. मला आनंद झाला आणि धाकधूकही वाटली, कारण नानांच्या डोळ्यांचं मला ठाऊक होतं. काचबिंदू. त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची, तिला आम्ही सगळे अक्काच म्हणत असू. ती आणि मी नानांना एसटीनं जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आलो होतो. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बारीक अक्षर तेव्हाच सुटलं होतं. परतताना गाडी पारोळ्याला थांबली. अक्का डोळ्यांना पदर लावून बसली होती, आणि तिला धीर यावा म्हणून नाना समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवत होते.

विक्रेत्यानं दोन संच नमुन्याला ठेवले. एक लालभडक, सोनेरी अक्षरांचा, टपोऱ्या टाइपाचा. आत भाषांतर मात्र तेच जुनं, गाळलेलं. दुसरा म्हणजे राखाडी कापडी बांधणीचा एकच जाडजूड ग्रंथ. कागद पातळ, अक्षरं मुंग्यांएवढी. पण त्यात एकही ओळ गाळलेली नव्हती, कडेला परिच्छेदांचे आकडे होते, कोणता संवाद खुद्द त्या तत्त्ववेत्त्याचा नसावा याच्या खुणा होत्या, आणि शेवटी चांगली घसघशीत सूची. प्राचार्यांचा जीव लाल संचावर, कारण काचेच्या कपाटात तो शोभला असता. माझाही लालवरच, कारण निवृत्तीनंतर नानांना तो वाचता आला असता.

भाषांतर पारखायची नानांची रीत ठरलेली होती. आम्ही विद्यार्थ्यांनी उतारा वाचायचा आणि तो अक्काला अहिराणीत सांगायचा. अक्काचा अर्धा जन्म शिंदखेड्याकडच्या खेड्यात गेलेला, मीही तिकडचीच. लाल संचातलं एक वाक्य अर्धं पान चाललं. मी त्यात शिरले ती बाहेरच येईना. अक्का म्हणाली, "पोरी, पहिले पानी पी." मग मी राखाडी ग्रंथातून तोच उतारा वाचला आणि सांगितलं, "अक्का, तो म्हनस, दुसरानं वाईट करापरीस आपलं वाईट व्हयनं तरी चाली."

"खरं शे," अक्का म्हणाली. "पन हाई सांगाले इतलं जाडं पुस्तक लागस का?"

नाना पोट धरून हसले. निकाल लागला होता, आणि मला रडू येत होतं.

ग्रंथालय समितीत विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून मी होते. प्राचार्य भले गृहस्थ. त्यांनी राखाडी ग्रंथ उघडला, जवळ-लांब धरून पाहिला आणि विचारलं, "नाना, हे तुम्हाला वाचता येईल का?"

"नाही येणार, साहेब."

"मग?"

"मी जूनमध्ये जाणार. अर्धवट पुस्तक मी जन्मभर शिकवलं. आता माझी नजर गेली म्हणून पुढच्यांनाही तेच द्यायचं?"

राखाडी ग्रंथ मंजूर झाला.

पांझरेच्या पुलावरून घरी जाताना मी त्यांच्याशी भांडले. "तुम्ही स्वतःचा विचार कधी करणार, नाना?"

"केला की. अक्षर बारीक आहे, पण तुझा आवाज चांगला दणदणीत आहे."

ग्रंथ आला, नाना निवृत्त झाले, आणि रविवारच्या दुपारी मी तो ग्रंथालयातून माझ्या नावावर आणून त्यांच्या ओसरीवर वाचायला बसू लागले. अक्का शेजारी शेंगा फोडायची. नाना डोळे मिटून ऐकायचे. हळूहळू डोळे मिटले काय अन् उघडले काय, त्यांना सारखंच झालं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. चिडायचे ते फक्त मी एखादी तळटीप सोडली तर.

असंच एका रविवारी वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की हा मजकूर वर्गात कधी झालाच नव्हता. जुन्या खंडात नसलेलं पाऊण पान समोर होतं. मी तसं सांगितलं, तेव्हा नाना ताठ बसले. मी वाचलं. त्यात लाज वाटावी असं काही नव्हतं. एक माणूस दुसऱ्या माणसावर आपला किती जीव आहे ते सांगत होता, एवढंच. मान वर केली, तर नानांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि अक्काचे हात शेंगांवर थांबले होते.

"काय व्हयनं, नाना?" तिनं विचारलं.

नानांनी तिला हातानंच थांबवलं आणि तोंड माझ्याकडे वळवलं. "पुन्हा वाच, बेटा," ते म्हणाले. "सावकाश वाच. मी हे पहिल्यांदाच वाचतोय."