चादरीचं दुसरं टोक

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. साडेपाचला लाँड्रीतलं पहिलं यंत्र थांबायचं, आणि ते थांबायच्या आत हातमोजे चढवून त्याच्या दारापाशी उभं राहावं लागायचं. तिथे चार इस्पितळांच्या चादरी धुवायला यायच्या.

यंत्रातून चादरी सुट्या निघत नाहीत. पिळल्या जाऊन त्यांचा दोरखंड होतो. एका खेपेला तीस-पस्तीस किलो. तो ओढायची रीत आहे: पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे, जोर मांड्यांवर घ्यायचा. कंबरेनं ओढणाऱ्या बायका दोन वर्षांत घरी बसतात. ती सात वर्षं ओढत होती, आणि तिच्या जोडीला मावशी. नात्याची नव्हे, सगळ्या लाँड्रीची मावशी.

तिला तिसरा महिना होता तेव्हाची गोष्ट. शनिवारी तिनं अकरा खेपा ओढल्या. रविवारी कळा आल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओझ्यानं झालं असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा गर्भच नीट वाढत नसतो." तिनं मान हलवली, पण मनाला पटलं नाही. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, फक्त तिच्या हातातली बादली काढून घ्यायला लागल्या. बोलल्या असत्या तर कमी लागलं असतं.

महिन्याभरानं ती कामावर आली आणि मुकादमाला सांगून घडीच्या टेबलावर गेली. कोरडं काम, पगार कमी. मावशीचे खांदे धरायला लागले होते, तीही तिकडेच आली.

सहा महिने तिनं नवऱ्याला "आत्ता नको" म्हटलं. तो नळजोडणीची कामं करायचा. "तू म्हणशील तेव्हा, मला घाई नाही," एवढंच म्हणायचा. मग तिनं हो म्हटलं, आणि दर महिन्याला वाट बघणं सुरू झालं.

मोठ्या चादरीची घडी दोघींनी मिळून करायची असते. टोकं धरून मागे सरायचं, ताणायचं, मग चालत येऊन टोकाला टोक लावायचं. यंत्रांच्या घरघरीत लांबून काही ऐकू येत नाही. बोलायचं ते टोकं जुळतात तेवढ्या वेळात.

एका सोमवारी तिनं चादर अशी झटकली की मावशीच्या हातातून टोक सुटलं.

"आली वाटतं," जवळ येऊन मावशी म्हणाली.

"कोण?"

"पाळी गं. आठ-दहा दिवस चादर अशी धरतेस, जसं आत कोणी झोपलंय. आणि आली की हिसडे. आंधळ्यालाही कळेल."

दोघी मागे सरल्या. ताणली. परत जवळ आल्या.

"सगळ्यांना कळतं?"

"फक्त पैजा लावायच्या बाकी आहेत."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. मावशीनं तिला थांबू दिलं नाही. "हात चालव. मुकादम बघतोय."

पुढच्या चादरीला मावशीच बोलली. "तीन पोरं झाली मला. तिन्ही वेळा आठव्या महिन्यापर्यंत हाच दोरखंड ओढला. आणि एक पोटातच गेलं. त्याच्या वेळी आई मला पलंगावरून उतरू देत नव्हती, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती."

ती टोक धरून उभीच राहिली. मावशीनं ते ओढून तिला मागे सरायला लावलं. जवळ आल्यावर तिनं विचारलं, "मग तुम्ही दोष कुणाला दिला?"

"सगळ्यांना देऊन पाहिला. पलंगालासुद्धा. कुणालाच चिकटला नाही. नवऱ्याला सांगितलंस का, तुझ्या मनात काय आहे ते?"

"त्याला घाई नाही म्हणतो."

"तुझं तोंड बघून म्हणत असेल. विचार एकदा."

त्या संध्याकाळी तो मोरीत हात धूत होता. तिनं दारातूनच विचारलं, "तुला वाटतं का, ते माझ्यामुळे गेलं?"

त्यानं नळ बंद केला. हात पुसले. "मला वाटत होतं, माझ्यामुळे. त्या शनिवारी तू दमलीयेस हे दिसत होतं. सुट्टी घे म्हणालो नाही."

इतके दिवस दोघं एकाच घरात, एकच ओझं वेगवेगळं वाहत होती.

त्यानंतर लगेच काही घडलं नाही. आणखी चार महिने पाळी भोंग्यासारखी वेळेवर आली. पण घडीच्या टेबलावर राहून भीती कमी होत नाही हे तिला कळलं होतं. डॉक्टरीणबाईंना विचारून ती यंत्रावर परतली. चांगला ओढणारा हात घडीवर वाया जातो. मावशीही कुरकुरत मागोमाग आली.

पाचव्या महिन्यात पाळी आली नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. तरी आठवड्याभरात मावशी यंत्राच्या दारात तिच्या जागेवर येऊन उभी राहिली, जिथे जास्त जोर लागतो तिथे.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, ओझ्यानं काही होत नाही म्हणून?"

"म्हणाले होते. सरक."

तिसरा महिना सरला त्या आठवड्यात पगार झाला. त्यातून तिनं सोनोग्राफीची फी भरली. पडद्यावर आधी नुसती हालचाल दिसली, मग ठोका ऐकू आला, भरभर, घाईत असल्यासारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. चाला, फिरा, काही बंदी नाही."

बाहेर येऊन तिनं टॅक्सीला हात केला.

"अगं, घर चालत पंधरा मिनिटांवर आहे," नवरा म्हणाला.

"माहितीये. आज हौस आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली. भाडंही तिनंच दिलं.