मीटरने दिलेला दिलासा

"मॅडम, जरा मोठ्यानं सांगा. मागं बायांना ऐकू येत न्हाय," सरपंच गजाननभाऊ म्हणाले.

मी एका बंद पडलेल्या बॉक्साइट खाणीच्या काठावर उभी होते. बॉक्साइट म्हणजे ज्यातून अ‍ॅल्युमिनियम काढतात तो दगड. म्हसळा तालुक्यातल्या या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावरून, कंपनी कधीच निघून गेली होती. मागे राहिला तो भलामोठा खड्डा. पावसात तो भरतो आणि विहिरी आटल्या तरी त्यात पाणी टिकतं. वाडीने त्यावर पंप बसवला होता. उन्हाळ्यात सगळी वाडी तेच पाणी प्यायची.

त्या वर्षी मात्र पंप बंद होता. मुंबईहून सुट्टीला आलेल्या कुणीतरी सांगितलं, सोडून दिलेल्या खाणीत किरणोत्सर्ग असतो, कॅन्सर होतो. लोक घाबरले. बायका भर उन्हात डोंगराखालच्या झऱ्यावरून हंडे आणू लागल्या. अंगणवाडी सेविका सुगंधाताईंनी ग्रामपंचायतीच्या मागे लागून आमच्या लॅबला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "भ्या खरा हाय का खोटा, ता येकदा कळू दे."

मी पाणी आणि माती तपासणारी केमिस्ट. त्या दिवशी सोबत सर्व्हे मीटर होता. किरणोत्सर्ग असेल तर हे यंत्र टिकटिक करतं. थोडी टिकटिक सगळीकडेच होते, कारण प्रत्येक दगडात थोडासा किरणोत्सर्ग असतोच. मी आधी वाडीतल्या देवळाच्या जांभ्याच्या जोत्यावर रीडिंग घेतलं, मग खाणीभर फिरले. दोन्हीकडे जवळपास सारखंच.

फिरताना खाणीच्या पलीकडच्या कोपऱ्यात काळपट खडीचे ढीग दिसले. बाकी सगळी माती लाल आणि एवढीच काळी. ग्लोव्ह घालून मूठभर उचलली तर अंदाजापेक्षा जड लागली.

"हे काय आहे, भाऊ?"

"भरावाची माती आसंल. गेल्या साली बाहेरचे ट्रक टाकून गेले."

मला ते आवडलं नाही. ढिगाची माती घेतली, पाण्याच्या बाटल्या भरल्या. बाटलीत थोडं अ‍ॅसिड घालतात, म्हणजे पाण्यातले धातू तळाला किंवा काचेला चिकटत नाहीत. मग काठावर येऊन जमलेल्यांना मोठ्याने सांगितलं, "इथे किरणोत्सर्गाचा धोका नाही. पण पाण्यातल्या धातूंचा रिपोर्ट यायचाय. तो येईपर्यंत हे पाणी पिऊ नका. उकळूनसुद्धा नाही. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि धातू दाट होतो."

पहिल्या वाक्यालाच टाळ्या पडल्या. पुढचं किती जणांनी ऐकलं, माहीत नाही. मग ग्रामपंचायतीच्या ऑफिसात तेच गजाननभाऊंच्या हातात लेखी दिलं आणि निघाले.

लॅबमध्ये धातू मोजायचं मशीन बंद होतं. पार्ट यायचा होता. मी आमचे प्रमुख साठेसर यांना म्हटलं, "सर, हे सॅम्पल बाहेरच्या लॅबला पाठवू या का?"

"ते पाणी पितायत का लोक?"

"नाही. पंप बंद आहे."

"मग थांबू या. पार्ट येईलच."

पार्ट लवकर आला नाही. मग एका दुपारी सुगंधाताईंचा फोन आला. "मॅडम, त्या दुसऱ्या रिपोर्टाचा काय झाला? माझे नातीच्या पोटात सारखा दुखतंय. जेवत न्हाय, चिडचिड करते. डॉक्टर जंताचं औषध देतात."

मी लगेच विचारलं, "ताई, खाणीचं पाणी पिताय का?"

"व्हय. समदेच पितात. तुमीच सांगितलात ना, विडिओत."

व्हिडिओ त्यांनी मला पाठवला. मी खाणीच्या काठावर उभी. "इथे किरणोत्सर्गाचा धोका नाही." टाळ्या. व्हिडिओ तिथेच संपत होता. तो वाडीच्या ग्रुपवर फिरला आणि त्याच संध्याकाळी पंप सुरू झाला होता.

"आत्ता बंद करा," मी म्हटलं. साठेसरांनीही या वेळी काही विचारलं नाही, सॅम्पल तातडीने बाहेर पाठवलं. पाण्यात शिसं निघालं, मर्यादेच्या कितीतरी वर. ढीग जुन्या बॅटऱ्या वितळवून उरलेल्या कचऱ्याचे होते. शिशाला ना रंग, ना वास, ना चव. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात ते जास्त मुरतं. रक्त कमी होतं, पोट दुखतं, आणि मेंदूची वाढ मागे पडते.

पंपाला सील लागलं, टँकर सुरू झाले. मुलांचं रक्त तपासलं. बऱ्याच जणांत शिसं होतं. सगळ्यात जास्त सुगंधाताईंच्या नातीच्या, माहीच्या रक्तात. तिला उपचारासाठी मुंबईला न्यावं लागलं. रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. ट्रक कुणाचे होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. तक्रार दाखल आहे. ढिगांवर ताडपत्री टाकली आहे, आणि ती वाऱ्याने फाटते.

नंतर रिपोर्ट समजावून द्यायला मी पुन्हा गेले. माही ओटीवर बसून पाटी गिरवत होती. पहिलीची अक्षरं तिला दुसऱ्यांदा शिकवावी लागत होती. डॉक्टर म्हणाले होते, पुढे किती भरून येईल ते आत्ता सांगता येत नाही.

सुगंधाताईंनी चहा दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीच तुमाला बोलावला, मॅडम. नसता बोलावला तर लोक भिऊन लांबच ऱ्हायले असते. झरा लांब व्हता, पन पानी चांगला व्हता."

मी म्हटलं, "ताई, तुमचं काही चुकलं नाही." ते खरं होतं. त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

वाडीची भीती चुकीच्या गोष्टीची होती, पण ती मुलांना त्या पाण्यापासून लांब ठेवत होती. आम्ही ती काढून घेतली आणि तिच्या जागी ठेवायला आमच्याकडे अजून काहीच नव्हतं. आता सगळे रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी कुठल्याही गावात निम्मा निकाल सांगत नाही. लोक चिडतात, सरपंच फोन करून वरिष्ठांकडे तक्रार करतात. करू देत.