पुढे निघून जाणारा धर्मपाल

अ‍ॅडलेडच्या मराठी मंडळींत कुणाला सायकल घ्यायची असली की पहिला फोन जातो तो मॉसन लेक्सच्या धर्मपाल गजभियेला. कुठली घ्यावी, सीट किती उंच ठेवावी, शनिवारी कुठे जावं, सगळं त्याला विचारायचं. शहराच्या उत्तरेला गाडीने दीड-दोन तासांवर ऑबर्न नावाचं छोटं गाव आहे. एक मोठा रस्ता, दुतर्फा दगडी घरं, एक बेकरी. तिथून जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली सायकलवाट द्राक्षमळ्यांमधून वर जाते. चढ इतका सौम्य की जाणवतही नाही. त्या वाटेला फुटणारे सगळे कच्चे रस्ते धर्मपालच्या पायाखालचे. कुठून निघायचं, कुठे वळायचं, जेवायला कुठे थांबायचं, अशा कितीतरी फेऱ्या त्याने आखल्या आणि मित्रांना घेऊन पार पाडल्या.

एवढ्या सगळ्या फेऱ्यांत बायकोशेजारून मात्र त्याने कधी सायकल चालवली नाही. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

धर्मपाल मूळचा नागपूरचा, इंदोऱ्याचा. वडील मिलमध्ये फिटर. त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर तो इंजिनिअरिंग कॉलेजला जायचा. भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा बांधून, घड्याळाशी शर्यत लावत. वाटेत थांबायचं ते फक्त चेन उतरली तर. सायकल म्हणजे वेळेत पोचणं, एवढंच त्याच्या पायांना ठाऊक होतं. पुढे वीज कंपनीतली नोकरी, ऑस्ट्रेलिया, मॉर्गेज, मुलगी असं सगळं झालं. चाळिशीत त्याने पुन्हा सायकल घेतली, ती चांगली महागाची; पण पाय जुनेच राहिले.

प्रतीक्षा, त्याची बायको, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिला सायकल येत नव्हती. लेकीच्या, उर्वीच्या, सायकलवर ती मॉसन लेक्सच्या तळ्याकाठी पडत-धडपडत शिकली आणि एक दिवस म्हणाली, "मला पण ने ना तुझ्याबरोबर."

धर्मपालला केवढा आनंद झाला! लगेच तिच्या मापाची सायकल आणली, हेल्मेट आणलं, ग्लोव्हज आणले. आणि पहिल्याच शनिवारी ऑबर्नच्या बाहेर पडल्या पडल्या तो पुढे निघून गेला.

मुद्दाम नाही. पाय चालायला लागले की तो पुढेच जायचा. मग एखाद्या निलगिरीखाली थांबून पाणी प्यायचा, केळं खायचा, मित्रांशी गप्पा मारायचा. मागून प्रतीक्षा यायची, लालबुंद होऊन, धापा टाकत. ती जमिनीवर पाय टेकायची तोवर हा सायकलवर बसलेला असायचा. "आलीस? चल, निघूया."

एकदा उर्वी बरोबर होती, पंधरा-सोळा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट फेअर. तू रेस्ट घेतोस, आई आली की निघतोस. शी नेव्हर गेट्स अ ब्रेक."

सगळे हसले. धर्मपालही हसला. प्रतीक्षा बाटलीचं झाकण लावत होती.

असं बरीच वर्षं चाललं. मग तो सप्टेंबर आला. वसंत सुरू झाला की इथे मॅगपाय नावाचे काळे-पांढरे पक्षी घरटी करतात, आणि घरट्याजवळून जाणाऱ्या सायकलवाल्यावर मागून झडप घालतात. म्हणून लोक हेल्मेटवर प्लॅस्टिकचे केबल टाय काट्यांसारखे उभे लावतात. त्या दिवशी धर्मपाल आणि त्याचा मित्र हृषिकेश मिंटारो गावाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पुढे होते. एका वळणावर मॅगपाय आला. धर्मपालच्या कानाशी चोच वाजली. तो खाली वाकला आणि त्याने जोरात पायडल मारलं. हृषिकेश ओरडला, "अरे, कान आहे का जागेवर?" दोघं हसत सुटले.

मागे प्रतीक्षा येतेय, थांबून तिला सांगावं, असं धर्मपालच्या मनात आलं. नक्की आलं. पण उतार होता, वेग छान लागला होता, हृषिकेश पुढे चालला होता. आपण जसे निसटलो तशी तीही निसटेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मिंटारोला पोचून कॉफी झाली, दुसरी झाली. प्रतीक्षा आली नाही. फोनला रेंज नव्हती. धर्मपाल उलटा फिरला.

वळणाच्या अलीकडच्या फार्महाउसच्या व्हरांड्यात ती बसलेली दिसली. मनगट स्वयंपाकघरातल्या टॉवेलने गळ्यात बांधलेलं, गालावर खरचटलेलं, दुसऱ्या हातात चहाचा मग. शेजारी घरमालकीण, शेरिल नावाची म्हातारी. धर्मपालने सायकल कुंपणाला टेकवली आणि म्हणाला, "केबल टाय का नाही लावलेस? सांगितलं होतं ना मी!"

प्रतीक्षाने मग खाली ठेवला. "हो. राहिलं लावायचं."

शेरिल धर्मपालकडे बघत म्हणाली, "तो पक्षी कुणालाच सोडत नाही, लव्ह. सकाळपासून जो जातोय तो डोकं झाकत जातोय."

हॉस्पिटलमधून प्लास्टर घालून घरी निघाले तेव्हा गाडीत प्रतीक्षाने विचारलं, "तुझ्यावरही आला होता का रे तो?"

"हो," धर्मपाल म्हणाला.

तिने खिडकीकडे मान वळवली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर अनेकदा वाटलं.

हाड जुळलं. प्रतीक्षा पूर्वीसारखी हसायची, बोलायची, फक्त शनिवारी बरोबर यायची नाही. ती घाबरलीय, असं धर्मपालने ठरवून टाकलं. तसं तो मित्रांना सांगायचाही. तिला मात्र त्याने कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "शनिवारी मी आणि रेखा ऑबर्नला जातोय. सायकल घेऊन."

रेखा तिची भीमजयंतीच्या कार्यक्रमातली मैत्रीण. तिला तर ब्रेकसुद्धा धड मारता येत नव्हता.

"अरे वा! मी पण येतो. रूट आखून देतो, मिंटारो नको, आपण वॉटरव्हेलकडून..."

"नको, धर्मा."

"का?"

तिने लाटणं बाजूला ठेवलं. आवाजात राग नव्हता. "इतकी वर्षं फिरले ना तुझ्याबरोबर, तर मला त्यातलं काही आठवतच नाही. तू कुठे थांबला असशील, चिडला असशील का, एवढाच विचार करत चालवायचे. आता मला नीट बघायचंय."

धर्मपाल ओट्याजवळ आला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी आधी विचारायला हवं होतं, लागलं का म्हणून."

"हो. विचारायला हवं होतंस."

"आणि वळणावर थांबायला हवं होतं. माझ्या मनात आलं होतं थांबायचं. सॉरी, प्रतीक्षा."

"ते मला तेव्हाच कळलं होतं रे," ती म्हणाली. "जाऊ दे. तव्यावरची पोळी काढ, करपेल."

तिने मनापासून माफ केलं होतं, हे त्याला कळत होतं. पण माफ करणं वेगळं आणि पुन्हा बरोबर नेणं वेगळं, हेही त्या शनिवारी कळलं. दोघी गेल्या आणि उन्हाने रापून, खुशीत परत आल्या. मग दर महिन्याला जाऊ लागल्या. धर्मपालचं मित्रांबरोबर जाणं हळूहळू सुटलं. हृषिकेशने विचारलं की तो गुडघ्याचं कारण सांगायचा.

तो एकदा एकटाच त्या फार्महाउसवर गेला, शेरिलचे आभार मानायला, जे त्या दिवशी राहूनच गेलं होतं. तिथे आता एक तरुण जोडपं राहत होतं. शेरिल मुलाकडे क्वीन्सलँडला गेली, पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. तो 'नो वरीज' म्हणून परत फिरला.

गेल्या एप्रिलमध्ये रेखाला नातू झाला आणि तिचं यायचं रद्द झालं. धर्मपालने सकाळी गाडीच्या रॅकवर प्रतीक्षाच्या सायकलीशेजारी आपलीही सायकल चढवली.

प्रतीक्षा बाहेर आली, थबकली. "तू पण येतोयस?"

"येऊ का? मागेच राहीन मी."

तिने खरंच विचार केला. मग ती हळूच म्हणाली, "आज नको रे. आज एकटीलाच जाऊन बघायचंय मला. जमतंय का ते."

"बरं. सोडायला तरी येतो."

त्याने आपली सायकल उतरवून गॅरेजात ठेवली. ऑबर्नला जुन्या स्टेशनापाशी ती वाटेला लागली. इथला एप्रिल म्हणजे पानगळ; द्राक्षाची पानं पिवळी-तांबडी झाली होती. त्याने बेकरीत एक पॅटिस खाल्लं, गावातून दोनदा चक्कर मारली, पार्कात बसून राहिला. एका माणसाने सायकल थांबवून विचारलं, "ही वाट कुठवर जाते, मेट?" धर्मपालने सगळं समजावून सांगितलं, चढ, फाटे, पाण्याचे नळ. कुठे काय बघण्यासारखं आहे असं त्याने विचारलं, तेव्हा मात्र धर्मपालला चटकन काही सांगता येईना.

दुपार कलल्यावर प्रतीक्षा आली. केसात गवताची काडी, खिसे अक्रोडांनी फुगलेले.

"कसं झालं?"

"मस्त. थकले बाई." ती सीट मागे करून बसली.

कुठे थांबलीस, काय बघितलंस, अक्रोड कुणी दिले, सगळं त्याला विचारायचं होतं. पण वाटेतलं टार्ली गाव यायच्या आत तिला झोप लागली.

घरी पोचल्यावर अक्रोड ओट्यावर ओतून तिने रेखाला फोन लावला. धर्मपाल गॅरेजात तिच्या सायकलची चेन पुसत होता. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं, भरभर काहीतरी सांगणं ऐकू येत होतं. शब्द मात्र कळत नव्हते.