चोवीस की सोळा

मी आज बँकेत नोकरी करतो ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आक्कामुळे. ती चौथीपर्यंत शिकली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवी हातात आली तसं अण्णा मला शेतात बोलावू लागले. तेव्हा आक्का सासरहून, सोयगावहून, मुद्दाम आमच्या गावी, देवगाव रंगारीला आली आणि ओट्यावर बसत अण्णांना म्हणाली, "त्याला तीन परीक्षा देऊ द्या. तिसरी नाय झाली तर मीच त्याला बांधावर आणून सोडते." आमचे वडील कुणाचं ऐकत नसत, पण आक्काचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही.

शहरात, उस्मानपुऱ्यात तिघांत एक खोली घेऊन मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. पहिल्या दोन परीक्षा गेल्या. गणित जमायचं, इंग्रजी रेटून नेलं, पण बुद्धिमत्ता चाचणीत एका प्रकारचे प्रश्न माझे हमखास चुकत. रांगेतल्या जागांचे. त्यात दोन विधानं दिलेली असत आणि ती उत्तर काढायला पुरेशी आहेत की नाहीत, एवढंच सांगायचं असे. उदाहरणार्थ, रांगेत एकूण मुलं किती? पहिलं विधान: अ डावीकडून बारावा आहे. दुसरं: ब उजवीकडून नववा आहे आणि दोघांच्या मध्ये तीन मुलं आहेत.

मी लगेच मांडायचो. बारा, तीन आणि नऊ. चोवीस. माहिती पुरेशी. पुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर असायचं, 'दोन्ही विधानं मिळूनही अपुरी'. असे चार प्रश्न होते. चारही ठिकाणी मी समासात पेन्सिलीनं 'छपाईची चूक' असं लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या परीक्षेला महिना उरला असताना आक्काच्या मुलीचं जावळ आलं. मी पुस्तक पिशवीत घालूनच सोयगावला गेलो. आक्का पंगतीसाठी कणकेच्या बट्ट्या वळत होती. मी तिला प्रश्न वाचून दाखवला.

"चोवीस की रं," ती म्हणाली.

"व्हय ना! पुस्तकच चुकलंय."

"चारदा?"

मी पुस्तक पिशवीत टाकलं. ती पुन्हा बट्ट्या वळू लागली.

दुपारी अंगणात पंगत बसली. आमच्याकडं घरच्या कार्यात घरचीच माणसं वाढतात. वांग्याची भाजी दोघं दोन टोकांकडून वाढत येतात, समोरासमोर आली की थांबतात. लहानपणापासून मी आक्कासमोर असाच वाढत आलो होतो. तिनं इतकी पानं वाढली, मी इतकी, मध्ये इतकी राहिली. बेरीज केली की पंगत किती माणसांची ते कळायचं. त्या दिवशी मात्र तिनं भाजीची बादली जावेच्या हातात दिली आणि माझ्या हातात पाण्याचा जग ठेवला. "ग्रॅज्युएट झालास म्हणून काय बसून ऱ्हातोस? चल."

पाणी वाढणारा कुठं थांबत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. मीही गेलो. समोरून आक्का वरण वाढत येत होती. मी तिला ओलांडून चार पावलं पुढं गेलो, तशी ती मागून म्हणाली,

"अरे, तुझ्या पुस्तकातली पोरं भाजी वाढत्यात का पाणी?"

मी जग घेऊन तसाच उभा राहिलो.

"ओ बँकवाले," पंगतीतून एक म्हातारे ओरडले, "पाणी वाढता का आम्ही हिरीवर जाऊ?" सगळी पंगत हसली.

पंगत उठल्यावर मी ओसरीवर बसून रांग पुन्हा काढली. या वेळी अ ला ब च्या पलीकडं नेलं. अ डावीकडून बारावा, मध्ये तीन, म्हणजे ब डावीकडून आठवा. तोच उजवीकडून नववा. एकूण सोळा. चोवीसही बरोबर, सोळाही बरोबर. म्हणून माहिती अपुरी. दोघं एकमेकांना ओलांडत नाहीत, हे त्या प्रश्नात कुठंच लिहिलेलं नव्हतं. ती आमच्या पंगतीतली भाजी वाढायची रीत होती, मी ती पदरची घातली होती. खोडरबर नव्हता. चारही 'छपाईची चूक' मी थुंकी लावून पुसल्या. एका पानाला भोक पडलं.

त्यानंतर महिनाभर रोज पहाटे उठून मी असे पन्नास प्रश्न सोडवले. प्रत्येकाच्या दोन रांगा काढायच्या, एक भाजीची, एक पाण्याची. दोन्हींतून एकच आकडा आला तर पुरेशी, नाहीतर अपुरी. खोलीतला जोडीदार म्हणायचा, "अरे यार, एवढा वेळ पेपरात कोण देणार?" मी म्हणायचो, "मी देणार." सवय झाल्यावर एक रांग काढायला दहा सेकंद पुष्कळ होत.

निकाल लागला त्या दिवशी मी आंतरदेशीय पत्र आणलं आणि पोस्टाच्या कट्ट्यावर बसूनच लिहिलं:

"आक्का, नमस्कार.

माझी निवड झाली. पेपरात रांगेचे तीन प्रश्न होते. पहिला वाचताच हात बेरीज करायला धावला, पण मी पाण्याचा जग आठवला आणि दुसरी रांग काढली. माहिती अपुरी निघाली. तुला शेजारी बसवून पेपर दिला असं वाटलं. तू अण्णांकडं तीन परीक्षा मागितल्या होत्यास. तिसरी तुझीच आहे.

अण्णांना मी आज कळवत नाही. तू देवगावला जा आणि ओट्यावर बसून हे पत्र तूच त्यांना वाचून दाखव. नेमणूक कुठल्या गावी होणार ते अजून कळलेलं नाही. अण्णा तेच आधी विचारतील. त्यांना सांग, माहिती अपुरी आहे.

तुझा भाऊ"