लाल्याचे सदतीस नैवेद्य

भिकनआबांचा बैल मी आजारी पाडला. तोही ऐन पोळ्याच्या दिवशी, पुरणपोळी खाऊ घालून.

१९९६ साली गुजरातेत, आमच्या भेस्तानच्या वसाहतीत खानदेशी घरं पन्नासेक आणि बैल एकच. सगळे आपापले बैल गावी सोडून आले होते, पोळा मात्र कोणी सोडून आलं नव्हतं. त्यामुळे घरोघरचे नैवेद्य आबांच्या लाल्याकडे यायचे. आबा घासलेटची बैलगाडी हाकायचे. त्याआधी बारा वर्षं त्यांनी कापडाचा लूम चालवला. मशीन कधी थकत नाही, ही त्यांची मशीनबद्दलची मुख्य तक्रार. लूम सोडून बैल घेतला तेव्हा लोक हसले. आबा म्हणाले, "हाऊ तरी मनासंगे बठस." हा तरी माझ्यासोबत बसतो.

त्या दुपारी लाल्याला सजवून आबा आंघोळीला आणि मग जेवायला गेले. जाताना मला बजावलं, "कुंदन, परतेकना एकच घास. बाकीनं टोपलीमा टाक."

मी बारावी पास, म्हणजे वसाहतीतला जबाबदार माणूस. पण बायका ताट घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "शेजारणीची आख्खी खाल्ली, मग आमचीच काय कडू आहे?" मला नाही म्हणवेना. त्यात आमच्या गल्लीतली योगिताही ताट घेऊन आली होती, ते जाऊ द्या. आमची खापरावरची पोळी म्हणजे जवळजवळ टॉवेलच. असे सदतीस टॉवेल लाल्याने गिळले.

चारच्या सुमारास त्याची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. पुढे टाकलेलं गवत तो हुंगेना. आबांनी कुशीवर मूठ दाबून धरली आणि बराच वेळ त्याच्या जबड्याकडे बघत राहिले.

"रवंथ बंद शे. काय खावाडं रे त्याले?"

मी आकडा सांगितला. आबांनी रिकामी टोपली उचलून पाहिली, त्याने मी जास्तच घाबरलो. आणि घाबरलो की मला पुस्तक आठवतं.

"आबा, हा रवंथ करणारा प्राणी आहे ना, याच्या पोटाला चार कप्पे असतात."

"चार शेतस? मंग एक बी का चालत नही?"

दारातून प्रमिलाकाकू, म्हणजे आबांची बायको, म्हणाल्या, "त्याले नका बोलू. बारावी शिकेल पोऱ्या शे."

ढोरांचा डॉक्टर आला. त्याने तेल पाजलं, सुई टोचली आणि जाताना गुजरातीत सांगितलं, "वागोळे तो बच्यो." रवंथ केलं तर वाचला. आबांनी कडुलिंबाची काडी लाल्याच्या तोंडात आडवी धरून दोरीने शिंगांना बांधली, म्हणजे जबडा हलता राहील. मग गल्लीत त्याला फिरवायला काढलं. पुढे आबा, मध्ये झूल घातलेला लाल्या, आणि मागे मी, शेण पडतंय का ते बघत. गल्लीतल्या पोरांना वाटलं मिरवणूकच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर कूस उतरली होती. लाल्या बसला होता आणि आबा समोर उकिडवे. दहाच्या सुमारास लाल्याच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला. जबडा आडवा फिरू लागला, अगदी सावकाश, आबा तंबाखू चघळतात तसा.

"चालनं!" आबा म्हणाले, आणि आदल्या दुपारपासूनचा पहिला चहा त्यांनी तिथेच, लाल्याला टेकून घेतला. मला अर्धा कप दिला, म्हणजे माफी मिळाली असं मी धरलं.

पण दोन दिवस गाडी जुंपायची नव्हती. घासलेटचे डबे मी सायकलवर दारोदार पोचवले. "काय रे, लाल्याच्या जागी तुला जुंपलं का?" असं ताटवाल्या बायकाच विचारत होत्या. त्यांच्या पोळ्या मी मोजल्या होत्या, तरी डबा ठेवून पुढचं दार धरायचो.

वर आबांनी दंडही ठोठावला. "कारखाना सुरू व्हयना का चलथाणतून एक भारा वाढं लई ये." साखर कारखाना सुरू झाला की उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं मिळायचं, ते लाल्याला फार आवडायचं.

कारखाना सुरू झाला. मी दोनदा चलथाणला जाऊन आलो. भारा घेऊन कंडक्टर बसमध्ये चढू देत नाही, असं आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग चालत ये ना, बैल नही येतस का चालत?"

होळी जवळ आली, कारखाना बंद व्हायची वेळ झाली. भारा अजून द्यायचाच होता.